घासाआधीचे इन्सुलिन

निरोगी मनुष्य पानावर बसतो तेव्हा त्याच्या स्वादुपिंडाला जेवणाची निराळी वर्दी द्यावी लागत नाही. अन्नाचा वास, पहिल्या घासाची चव आणि पुढे आतड्यात उतरलेल्या अन्नाने रक्तात सोडलेले संदेश यांच्या योगाने लँगरहान्सच्या द्वीपांतील बीटा पेशी कामाला लागतात. साठवून ठेवलेले इन्सुलिन काही मिनिटांतच बाहेर पडते, आणि त्यामागोमाग नव्याने तयार होणाऱ्या इन्सुलिनचा मंद व दीर्घ ओघ, रक्तातील साखर पूर्वस्थितीवर येईपर्यंत, अव्याहत चालू राहतो. यातही विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्वादुपिंडातून निघालेले रक्त प्रथम यकृतात जात असल्यामुळे त्यातील निम्म्याच्या आसपास इन्सुलिन तेथेच खर्ची पडते, आणि यकृताने साखर सोडण्याचे आपले काम थांबवून आलेली साखर साठवण्याचे काम हाती घ्यावे, हा हुकूम त्याला सर्वांत आधी मिळतो.

टाइप वन मधुमेहात शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच बीटा पेशींचा नाश केलेला असतो, आणि बाहेरून दिलेले इन्सुलिन कातडीखालच्या चरबीच्या थरात सोडावे लागते. तेथून ते रक्तवाहिन्यांत झिरपणार, सर्व शरीरभर पसरणार आणि त्या फेऱ्यात यकृताच्या वाट्याला इतरांइतकेच येणार. आजचे शीघ्र गुणाचे इन्सुलिनसुद्धा टोचल्यापासून दहा ते वीस मिनिटांनी कामास लागते, एक ते दीड तासाने त्याचा जोर कमाल होतो आणि तीन ते पाच तासांनी त्याचा अंमल ओसरतो. उलटपक्षी मऊ भातातील किंवा साखर घातलेल्या चहातील ग्लुकोज पंधरा मिनिटांच्या आतबाहेर रक्तात दिसू लागते. म्हणून जेवणाच्या इन्सुलिनचा प्रश्न ‘किती’ या एका शब्दात मावत नाही. ‘केव्हा’ आणि ‘किती वेळात’ हे दोन प्रश्न त्याला जन्मतःच चिकटलेले आहेत. इन्सुलिन पंपाने रुग्णाच्या हाती जी खरी सत्ता दिली ती या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावरची. पहिल्याचे उत्तर मात्र आजही स्वयंपाकघरातच शोधावे लागते, आणि ते शोधणारा माणूस जितका जाणता, तितका पंप उपयोगी, असे माझे स्पष्ट मत आहे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, आणि जो रोग तोवर मुलांना काही महिन्यांत किंवा फार तर दोनचार वर्षांत नेत असे, त्या रोगाला आयुष्यभर सांभाळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु त्यापुढील जवळजवळ सहा दशके रुग्णाचे जेवण इन्सुलिनच्या तंत्राने चालले. सकाळी टोचलेल्या मध्यम मुदतीच्या इन्सुलिनचा जोर दुपारी येणार म्हटल्यावर, भूक असो वा नसो, त्या वेळेला ठरलेले अन्न पोटात जाणे भागच असे. १९६० नंतरच्या दशकात लॉस एंजलिसच्या अर्नोल्ड कडिश यांनी पाठीवर बांधण्याएवढ्या आकाराचे एक अजस्र यंत्र घडवले. तथापि व्यवहारात उतरेल अशी पद्धत सिद्ध झाली ती १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयात, जेव्हा जॉन पिकप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानशा पंपाने कातडीखाली सतत इन्सुलिन सोडून रक्तशर्करा ताब्यात ठेवता येते हे दाखवून दिले. पुढे १९९६ मध्ये लिस्प्रो हे शीघ्र इन्सुलिन बाजारात आले आणि पंपाला साजेसे द्रव्य त्याला लाभले. एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात १४४१ रुग्णांवर चाललेल्या अभ्यासाने दिले: ज्यांच्या डोळ्यांत विकार नव्हता अशांमध्ये, काटेकोर उपचारांनी तो उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र त्याच अभ्यासात साखर धोकादायक रीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे, कारण जेवणाच्या डोसाचा सारा विवेक या दोन वस्तुस्थितींच्या मधल्या अरुंद वाटेवरून चालतो.

पंप म्हणजे खिशात मावणारी एक डबी. तिच्यात १८० किंवा ३०० युनिट इन्सुलिनची कुपी, तिला जोडलेली बारीक नळी आणि नळीच्या टोकाला पोटावर अथवा मांडीवर कातडीखाली बसवलेला, सहा ते नऊ मिलिमीटर लांबीचा मऊ कॅन्युला. काही पंपांना नळी नसते. ते थेट अंगालाच चिकटवतात. दिवसरात्र थेंबाथेंबाने जे इन्सुलिन जात राहते ते बेसल, आणि जेवणासाठी बटण दाबून जे एकदम सोडायचे ते बोलस. हे दोन शब्द घरोघरच्या आयांच्या तोंडी असे रुळले आहेत की त्यांना मराठी प्रतिशब्द शोधण्याचे कारण मला दिसत नाही. पंपात दीर्घ मुदतीचे इन्सुलिन मुळीच नसते. याचा सुखद परिणाम असा की, जेवण लांबले तरी चालते: संकष्टीला चंद्रोदय रात्री साडेनवाला असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर बेसल आपले काम करीत राहते आणि बोलस चंद्राची वाट पाहू शकतो. साखर ७० च्या खाली गेली तर मात्र उपास तेथेच मोडायचा, यात धर्माचरणाचा प्रश्न आणू नये. याच गुणाचा दुसरा परिणाम घातक आहे. त्याकडे शेवटी येतो.

आता स्वयंपाकघर. जेवणानंतर रक्तशर्करा मुख्यत्वे वाढते ती पिष्ट आणि साखर यांनी, म्हणजे कर्बोदकांनी; तेव्हा पानातील कर्बोदकांचा अंदाज हा बोलसचा पाया. ही कल्पना पंपाहून पुष्कळ जुनी आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाचे डॉ. आर. डी. लॉरेन्स हे स्वतः या रोगाचे रुग्ण. फ्लॉरेन्समध्ये मरणाची वाट पाहत असताना १९२३ मध्ये इन्सुलिन मिळणार अशी बातमी आली आणि ते लंडनला परतून वाचले. त्यांनी रुग्णांसाठी आहाराची जी पद्धत बांधली तिचे एक परिमाण दहा ग्रॅम कर्बोदकांचे होते, जेणेकरून एका पदार्थाच्या जागी दुसरा घेताना हिशेब चुकू नये. आपल्याकडे या कामाला आवश्यक असलेली कोष्टके १९३७ मध्ये निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेने, डॉ. एक्रॉइड यांच्या देखरेखीखाली, प्रसिद्ध केली. ती संस्था पुढे हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नांदू लागली आणि २०१७ मध्ये तिने नव्या पृथक्करणांवर आधारलेली कोष्टके दिली. त्यांचा आधार घेतला तर बावीस-तेवीस ग्रॅम कणकेच्या फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके भरतात, ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या किंचित वर, आणि शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे २८.

पण कोष्टकात भाकरी नसते, पीठ असते. आणि प्रत्येक घरची भाकरी निराळी. म्हणून घरी एक लहान तराजू असावा, आणि निदान पहिले काही महिने परातीत पीठ घेण्यापूर्वी ते त्यावर ठेवावे. पुरणपोळीसारख्या पदार्थाचा हिशेब तर पातेल्यापासूनच करावा लागतो. पाव किलो हरभऱ्याची डाळ घेतली तर तीत सुमारे १५० ग्रॅम कर्बोदके; पाव किलो गुळात सुमारे २३५; पारीसाठी दोनशे ग्रॅम कणीक घेतली तर तिची सुमारे १४०. एकूण बेरीज ५२५. एवढ्या ऐवजात बारा पोळ्या लाटल्या तर पोळीमागे सुमारे ४४ ग्रॅम येतात, आणि दहाच झाल्या तर साडेबावन्न. ज्या घरात टाइप वनचे मूल आहे त्या घरच्या बाईने होळीच्या सकाळी पुरण शिजण्यापूर्वी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर हे तीन आकडे टिपून ठेवलेले असतात, आणि पोळ्या मोजून झाल्या की शेवटचा भागाकार ती लाटण्याचा हात पुसताना करते. या कामाला कोणतेही यंत्र पर्याय नाही, आणि आहारतज्ज्ञांची छापील पत्रके वाटून ते होत नाही. हा त्या घरचा स्वतःचा दप्तरखाना आहे आणि त्याचे मोल दवाखान्यांनी अधिक आदराने ओळखले पाहिजे.

ग्रॅमांवरून युनिटे काढण्यासाठी दोन प्रमाणे लागतात. पाचशेला दिवसभराच्या एकूण इन्सुलिनने भागले म्हणजे एक युनिट किती ग्रॅम कर्बोदके सांभाळते त्याचा, आणि अठराशेला त्याच संख्येने भागले म्हणजे एक युनिट साखर किती अंकांनी उतरवते त्याचा, कामचलाऊ अंदाज मिळतो. हे केवळ आरंभाचे आडाखे होत. खरे आकडे डॉक्टरांनी रोजच्या नोंदी पाहून ठरवावयाचे, आणि तेही वेळोवेळी बदलावयाचे. पुष्कळांना पहाटेच्या अंतःस्रावांमुळे सकाळच्या न्याहारीला त्याच कर्बोदकांसाठी अधिक इन्सुलिन लागते, म्हणून पंपात सकाळ, दुपार आणि रात्र यांची प्रमाणे वेगवेगळी भरण्याची सोय असते.

समजा, नववीत शिकणाऱ्या एका मुलीला दिवसाकाठी ४० युनिटे लागतात. पाचशे भागिले चाळीस म्हणजे साडेबारा. तिच्या डॉक्टरांनी रात्रीसाठी बारा धरले आहे. अठराशे भागिले चाळीस म्हणजे पंचेचाळीस. रात्री आठाच्या सुमारास तिची साखर २०० आहे, अपेक्षित ११०. पानात दोन फुलके, अर्धी वाटी भात, वाटीभर वरण आणि बटाट्याची भाजी, मिळून ७२ ग्रॅम. जेवणाची सहा युनिटे झाली; साखर ९० अंकांनी वर आहे, तिच्यासाठी दोन. परंतु सहा वाजता खाल्लेल्या पोह्यांच्या बोलसपैकी १.२ युनिट अद्याप अंगात काम करीत आहे असे पंप सांगतो, कारण तो प्रत्येक बोलसची वेळ नोंदवून त्याची उरलेली शिल्लक काढीत असतो. ती दुरुस्तीच्या दोनांतून वजा केली की ०.८ उरतात, आणि डोस ठरतो ६.८ युनिट. ही वजाबाकी सिरिंजच्या काळात कोणी सहसा करीत नसे. साखर वर दिसली की आणखी टोच, पुन्हा वर दिसली की पुन्हा टोच, असे एकावर एक चढलेले डोस मध्यरात्री एकदम फळाला येत आणि घाम फुटलेले मूल जागे होई. सुईच्या पिचकारीवर ६.८ मोजताही येत नाही. पंप युनिटाचा दहावा, कित्येक पंप तर विसावा भागही अचूक सोडतात, आणि अडीच-तीन वर्षांच्या बालकाच्या बाबतीत ही सूक्ष्मता जीवनावश्यक असते.

डोस ठरला, तो द्यायचा केव्हा? सामान्यतः जेवणाच्या पंधरा ते वीस मिनिटे आधी. साखर आधीच वर असेल तर अंतर थोडे वाढवावे, शंभराच्या आत असेल तर कमी करावे; आणि ७० च्या खाली असेल तर प्रथम पंधरा ग्रॅम ग्लुकोज अथवा तीन चमचे साखर देऊन ती वर आणावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, आणि मगच बोलसचा विचार करावा. हा एवढा साधा नियम पाळला जात नाही असे मी वारंवार पाहिले आहे, आणि त्यात रुग्णाचा दोष थोडा. कुकरची शिट्टी झाली की बटण दाबावे, हे घरच्या मनुष्याला जमते. पण खानावळीत ताट कधी येईल याचा भरवसा नसतो, लग्नघरी पंगत बसायला तास लागतो, आणि पहिल्या वाफेच्या भाताला नाही म्हणणारे दोन वर्षांचे पोर किती घास खाईल हे तर कोणीच सांगू शकत नाही. अशा पोरासाठी पंपाची युक्ती अशी की, जेवढे ते नक्की खाते तेवढ्याचाच बोलस आधी द्यावा आणि उरलेला, पान पाहून, नंतर. नवे टोचणे नसल्यामुळे दोनदा देण्यात रडणे नाही. जेवण संपल्यावर सगळा डोस देण्याची सवय मात्र मोडलीच पाहिजे. डोस आकड्याने अचूक असूनही तासाभराने साखर २५० वर जाते आणि चार तासांनी हवी तेथे येते, त्यामुळे आईबापांचा समज होतो की प्रमाण चुकले, आणि ते बरोबर असलेले प्रमाण बदलून बसतात.

तिसरा प्रश्न ‘किती वेळात’ हा. येथे पंपाचे खरे कौशल्य दिसते. तुपाने, तेलाने, खोबऱ्याच्या वाटणाने जठर सावकाश रिकामे होते; शिवाय भरपूर स्निग्धांश आणि प्रथिने असलेल्या जेवणानंतर साखर तीन ते पाच तासांनीही चढत राहते. रविवारचे मटण आणि भाकरी खाऊन झोपलेल्या मुलाची साखर दहाला १४० आणि दोनला २६० दिसते ती यामुळे. सारा बोलस एकदम दिला तर इन्सुलिन आधी पोहोचून साखर खाली जाते आणि मग, इन्सुलिन ओसरल्यावर, वर. त्यासाठी पंपात लांबवलेला बोलस असतो: ठरलेले इन्सुलिन दोन, तीन किंवा अधिक तासांत समप्रमाणात सुटत राहते. आणि दुभागलेला बोलस असतो, ज्यात काही भाग लगेच व उरलेला सावकाश. तुपात भिजलेल्या पुरणपोळीला हा दुसरा प्रकार मानवतो, कारण तीत गूळ तात्काळ बोलतो आणि डाळ-तूप मागाहून. साठ टक्के आधी आणि चाळीस टक्के पुढच्या तीन तासांत, अशा वाटणीने सुरुवात करून दर वेळेस नोंद पाहून तीत फेरफार करता येतो. साबुदाण्याच्या खिचडीचे कोडे अधिक कठीण. कोरड्या साबुदाण्यात शंभरी ८७ ग्रॅमच्या आसपास पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप. काहींची साखर पहिल्या तासात उसळते, काहींची दुसऱ्या-तिसऱ्या तासात, आणि ज्याने त्याने आपल्या अंगाचा कल साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरच्या आलेखावर पाहूनच शिकावा.

आपल्या पंगतीतला आग्रह हा या शास्त्रात कोणत्याही परदेशी पुस्तकाने न नोंदवलेला घटक आहे. पानावरचा अंदाज करून बोलस दिलेला असतो आणि मग मावशी जिलबीचे ताट घेऊन उभी राहते. नाही म्हणण्याचा हक्क मुलाला आहेच. पण घ्यावीशी वाटली तर त्या जिलबीचा बोलस तेव्हाच द्यावा, पुढच्या वाढपाला वेळ मिळेल तेव्हा नव्हे. एवढे मात्र पाळावे की, हा दुसरा बोलस केवळ नव्या कर्बोदकांचा असावा. जेवण चालू असताना वर चढलेली साखर पाहून दुरुस्तीचे इन्सुलिन त्यात मिसळू नये, कारण पहिल्या बोलसचे काम अजून अर्धेही झालेले नसते. जेवणानंतर दोन तासांपर्यंतची साखर १८० च्या आत राहिली म्हणजे मामला ठीक, असे समजावे. प्रत्येक जेवणानंतर १२० चा हट्ट धरणारे पालक मुलाला आणि स्वतःला निष्कारण शिक्षा करून घेतात.

सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मिनिमेड ६७०-जी पासून सेन्सर पाहून बेसल आपोआप कमीजास्त करणारे पंप व्यवहारात आले. रात्रीच्या झोपेत त्यांनी घडवलेला फरक मोठा आहे. जेवणाची कर्बोदके मात्र त्यांनाही बव्हंशी सांगावीच लागतात, कारण सेन्सरला साखर चढल्यावर ती कळते आणि कातडीखालचे इन्सुलिन त्यानंतर निघते. आणि हे सर्व पंप लाखांच्या घरातले. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले आजही पेन किंवा सिरिंजवरच आहेत. त्यांनी हे प्रकरण टाकून द्यावे असे नाही: कर्बोदकांचा हिशेब, दुरुस्ती, शिल्लक आणि जेवणाआधीची पंधरा मिनिटे ही चारही त्यांच्या उपयोगाचीच आहेत; केवळ लांबवलेला बोलस त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो.

आता तो घातक परिणाम. पंपात दीर्घ मुदतीचे इन्सुलिन नसल्याने कॅन्युला वाकला, नळीत बुडबुडा अडकला किंवा चिकटपट्टी घामाने सुटली तर काही तासांत शरीर इन्सुलिनविना पडते, रक्तात कीटोन साचतात आणि मूल ओकू लागते. जेवणाचा बोलस देऊनही साखर दोन तासांनी २५० च्या वर असेल, दुरुस्तीने तासाभरात हलत नसेल, तर पंपाच्या पडद्यावरील शिलकेवर विश्वास ठेवू नये. ते इन्सुलिन अंगात गेलेलेच नसण्याचा संभव असतो. कीटोन तपासावे, दुरुस्तीचा डोस पेनने द्यावा, आणि नळी-कॅन्युलाचा सेट बदलावा. येथे आपल्या देशापुरती एक विशेष खबरदारी: आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटे असलेल्या इन्सुलिनच्या कुप्या आणि त्यांच्या लाल टोपणाच्या सिरिंजा सर्रास विकल्या जातात, तर पंपातील इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिटांचे असते. पंपाच्या कुपीतले इन्सुलिन घाईगर्दीत लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले तर ठरवलेल्याच्या अडीचपट डोस जातो. म्हणून पंप वापरणाऱ्या घरात केशरी टोपणाची सिरिंज किंवा पेन वेगळ्या डब्यात ठेवावे आणि शेजारच्या औषधविक्रेत्यालाही ही गोष्ट समजावून सांगावी.

कॅन्युला दर दोन ते तीन दिवसांनी बदलायचा, आणि जागाही दर वेळी बोटभर तरी सरकवायची. एकाच ठिकाणी पुनःपुन्हा बसवल्यास तेथील चरबी घट्ट होते आणि बोलस तेथून वेळेवर निघत नाही. बदलण्याची वेळ झोपण्यापूर्वीची नसावी. सकाळच्या न्याहारीच्या किंवा दुपारच्या जेवणाच्या आधी नवा सेट बसवला म्हणजे लगेचच मोठा बोलस त्यातून जातो, आणि दोन तासांनी सेन्सरवर अथवा बोटाच्या थेंबावर साखर पाहिली की कॅन्युला नीट बसला आहे की नाही हे घरातली माणसे जागी असतानाच कळते.